माऊ आणि भूभू

नमस्कार मंडळी. आज एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची गोष्ट. नाव जेफ्री स्पायसर-सिम्सन. बोलताना जीभ अडखळते, म्हणून आपण नुसतं स्पायसर म्हणू.

जन्म १८७६ चा, टास्मानियातला. चौदाव्या वर्षी नौदलात गेला आणि पुढची पंचवीस वर्षं हात लावेल तिथं माती. पाणबुडी पकडायला दोन जहाजांमध्ये दोर बांधून ओढायची आयडिया काढली, त्यात आपलीच पाणबुडी बुडता बुडता वाचली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि १९१४ च्या नोव्हेंबरात जर्मनांनी त्याची नायजर नावाची गनबोट डील गावासमोर बुडवली तेव्हा साहेब बोटीवर नव्हतेच, किनाऱ्यावर हॉटेलात बसले होते म्हणतात. मग काय, ऑफिसात टेबल-खुर्ची आणि फायली.

आता खरी मजा. १९१५ साल. आफ्रिकेत टांगानिका सरोवर आहे, लांबी साडेसहाशे किलोमीटरच्या वर, आणि त्यावर जर्मन बोटींचं राज्य. जॉन ली नावाच्या शिकाऱ्यानं लंडनला सुचवलं की दोन मोटरबोटी तिथं न्या. न्यायच्या खऱ्या, पण मध्ये समुद्र नाही, जंगल आहे! आणि अधिकारी म्हणून मोकळा कोण? आपला स्पायसर.

बोटी चाळीस फुटी, महोगनीच्या. नावं काय ठेवायची विचारल्यावर त्यानं कळवलं, कॅट आणि डॉग. मांजर आणि कुत्रा! वरून साफ नकार. मग ह्यानं दुसरी नावं दिली, मिमी आणि टूटू. फ्रेंच आहे म्हटल्यावर भारदस्त वाटलं असेल, पास झाली. आता पॅरिसमधली पोरं मिमी आणि टूटू कशाला म्हणतात? आपल्या घरातलं दोन वर्षांचं पोर माऊ आणि भूभू म्हणतं ना, तेच! म्हणजे ब्रिटनच्या बादशहाच्या नौदलात माऊ आणि भूभू, रीतसर, सही-शिक्क्यानिशी. मला विचाराल तर बरोबर केलं. आमच्याकडे चौकाला नाव द्यायचं तरी तीन मीटिंगा, आणि शेवटी रिक्षावाले जुनंच नाव सांगतात.

तर माऊ आणि भूभू जूनमध्ये जहाजानं केपटाऊनला निघाल्या, तिथून ट्रेननं बेल्जियन काँगोत, आणि मग रूळ संपले. पुढे मितुंबा डोंगर, सहा हजार फुटांचा. वाफेची दोन इंजिनं, रोड रोलरची थोरली भावंडं समजा, आणि बैलांच्या जोड्या लावून बोटी वर चढवल्या. वाटेत ओढे-नाले, त्यावर लाकडं तोडून पूल बांधायचे, इंजिन पुढे सरकलं की पुढचा पूल. इंजिनांना पाणी लागतं, ते गावातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिलं. पाणी वाहायचं म्हटलं की बायकाच आठवतात, तिथंही तसंच. मग पुन्हा रेल्वे, नदी, पुन्हा रेल्वे, आणि ऑक्टोबर संपता संपता सरोवर.

साहेबांचा थाट तिथं भलताच. खाकी स्कर्ट घालून फिरायचे, अंगभर गोंदण. २६ डिसेंबर, रविवार, सकाळची प्रार्थना चालू आणि समोर जर्मन बोट किंगानी दिसली. स्पायसरनं प्रार्थना पूर्ण केली, मग माणसं पळाली बोटींकडे. किंगानीची तोफ फक्त पुढे मारा करायची, हे लक्षात ठेवा, फक्त पुढे, म्हणून माऊ आणि भूभू गेल्या मागून! अकरा मिनिटांत खेळ खलास. बोट जप्त, नवं नाव फिफी. म्हणजे? चिऊ! फेब्रुवारीत दुसरी बोटसुद्धा बुडवली, हेडविग फॉन विस्मान.

तिसरी सगळ्यात मोठी, ग्राफ फॉन ग्योत्झेन. ती किगोमाच्या बंदरात उभी होती, पण स्पायसर तिच्यावर गेलाच नाही. का ते त्यालाच ठाऊक, मला तो तिथं घाबरला असंच वाटतं. जर्मनांनी जुलै १९१६ मध्ये ती स्वतःच बुडवली, पण बुडवायच्या आधी इंजिनाला चांगलं ग्रीस चोपडून ठेवलं. आपण गावचं घर बंद करताना पंपाला तेल घालतो ना, तसं. ब्रिटिशांनी १९२४ मध्ये ती वर काढली, लिएम्बा नाव दिलं, आणि ती कित्येक दशकं माणसं आणि माल वाहत राहिली.

अरे, वेळ संपत आली, स्पायसरचं पुढचं राहिलंच! बढती मिळाली, पदक मिळालं, पण पुन्हा लढायला पाठवलं नाही कुणी. मग मोनॅकोत समुद्राच्या नकाशांची जी आंतरराष्ट्रीय संस्था १९२१ मध्ये निघाली तिचा पहिला सरचिटणीस झाला, आणि १९४७ मध्ये कॅनडात वारला. मोनॅकोतली एक गंमत आहे, पण ती पुढच्या वेळी, स्टुडिओतला दिवा लुकलुकायला लागलाय. नमस्कार.