लॅक्टुलोजची एक बाटली, दोन आजार

श्रोतेहो, नमस्कार.

पोट साफ होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलात, तर बऱ्याचदा एक दाटसर, गोड, पिवळट पातळ औषध हातात पडतं. त्याचं नाव लॅक्टुलोज. नेमकं हेच औषध लिव्हर सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णाच्या उशाशीही असतं. औषध एकच असलं, तरी दोघांसाठी त्याचं काम वेगळं, मात्रा वेगळी, आणि ते चुकलं तर होणारं नुकसान फारच वेगळं. हा फरक घरच्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे. लिव्हरच्या रुग्णाला लॅक्टुलोज देतात ते त्याचा मेंदू शुद्धीवर राहावा म्हणून. आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे.

हे औषध करतं काय, ते आधी पाहू. लॅक्टुलोज ही एक कृत्रिम साखर आहे, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांना जोडून केलेली. ती फोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे ती जवळजवळ जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथे पाणी धरून ठेवते. मळ मऊ होतो, त्याचं प्रमाण वाढतं आणि आतडं आपणहून हालचाल करतं. आतड्यातले जिवाणू ही साखर खातात, त्यातून सौम्य आम्लं तयार होतात आणि गॅसही होतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस पोट फुगतं, गुडगुडतं. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू कमी होतो. नाहीच झाला, तर डॉक्टर मात्रा कमी करून बघतात.

साध्या बद्धकोष्ठतेसाठी मोठ्या माणसाला साधारणपणे दिवसाला 15 ते 30 मिलिलिटर देतात. हे आकडे 15 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम लॅक्टुलोज असलेल्या औषधाचे आहेत, तेव्हा आपल्या बाटलीवरची ताकद वाचून घ्या. लहान मुलांची मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. हे औषध आज रात्री घेतलं आणि उद्या सकाळी पोट मोकळं झालं, असं होईलच असं नाही. त्याला 24 ते 48 तास लागतात, कधी थोडे जास्तही. माणूस रात्री औषध घेतो, सकाळी काही झालं नाही म्हणून दुपारी दुप्पट घेतो, संध्याकाळी दुसरी एखादी जुलाबाची गोळी घेतो. मग सगळ्यांचा परिणाम एकदम होतो. पोटात कळा, पाण्यासारखे जुलाब, डोळ्यांपुढे अंधारी. पुढच्याच भेटीत ‘मला हे औषध मानवत नाही’ अशी तक्रार येते. औषध चांगलं होतं, त्याला वेळ मिळाला नाही. दोन दिवस थांबा, रोज ठरावीक वेळी घ्या आणि दिवसभर पुरेसं पाणी प्या. आतड्यात पाणी धरून ठेवणारं औषध घ्यायचं आणि पाणी मात्र कमी प्यायचं, हे जमणारं नाही. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच पाळावी.

मापासाठी बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा मापाचा पेला वापरा. स्वयंपाकघरातला चमचा नको, दोन घरांतले चमचे सारखे नसतात. चव फार गोड लागली तर पाण्यात, दुधात किंवा फळांच्या रसात मिसळून घ्यायला हरकत नाही. घेतल्यावर चूळ भरावी, दातांसाठी ते बरं. औषधाचा रंग कालांतराने थोडा गडद होतो, तेवढ्यावरून बाटली फेकू नका. मुदत मात्र पाहा.

बद्धकोष्ठता का झाली आहे, हेही शोधायला हवं. लोहाच्या गोळ्या, कडक वेदनाशामक औषधं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, थायरॉइड मंदावणं, यातलं काहीही मागे असू शकतं. आणि काही वेळा तर बाटली उघडायचीच नसते. पोटात जोराची कळ आहे, पोट ताणून फुगलं आहे, उलट्या होत आहेत, वायूही सरत नाही, असं असेल तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा कोणतंही जुलाबाचं औषध घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा. मळावाटे रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करून घ्या.

गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात आजार ज्यांना आहे, त्यांनी हे औषध घ्यायचं नाही. मधुमेह असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगून घ्यावं, कारण त्यात थोड्या प्रमाणात दुसऱ्या साखराही असतात. लिव्हरच्या आजारात मात्रा मोठी असते, तिथे हे जास्तच लक्षात ठेवायचं.

आता लिव्हरकडे येतो. आपल्या आतड्यात प्रथिनांच्या विघटनातून सतत अमोनिया तयार होतो. तो रक्तावाटे लिव्हरकडे जातो आणि लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करून विषाचा निकाल लावतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर थकलेलं असतं, शिवाय बरंचसं रक्त त्याला वळसा घालून पुढे जातं. मग तो अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. या अवस्थेला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. लॅक्टुलोजपासून जी आम्लं तयार होतात, ती इथे कामाला येतात. आतड्यातलं वातावरण आम्लधर्मी झालं की अमोनियाचं रूप बदलतं, तो रक्तात सहजासहजी शिरू शकत नाही आणि मळाबरोबर बाहेर पडतो. या आजारात लॅक्टुलोजचा उपयोग होतो हे 1966 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं, आणि आजही उपचाराची सुरुवात त्यानेच होते.

इथे मात्रा बरीच मोठी. बऱ्याच रुग्णांना 30 ते 45 मिलिलिटर, दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. पण खरं माप मिलिलिटरमध्ये नाहीच. रुग्णाला दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हायला हवी, आणि तेवढी होईल इतकं औषध द्यायचं.

रुग्णांच्या नातेवाइकांकडून एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकतो. “डॉक्टर, काल त्यांना तीन वेळा संडासला झाली, जुलाब लागले असं वाटलं, म्हणून आज औषध दिलंच नाही.” हे बोलणारी बाई रात्रंदिवस नवऱ्याचं करते आहे, तिचा हेतू सोळा आणे चांगला आहे. पण तीन वेळा मऊ शौच म्हणजे औषध लागू पडलं. त्याच दिवशी ते थांबवलं की एक-दोन दिवसांत रुग्ण बरळू लागतो, कधी बेशुद्ध होऊन रुग्णालयात येतो. कागदावर ‘तीन वेळा’ लिहिणारे आम्ही त्यामागचं कारण तोंडी सांगत नाही, ही आम्हा डॉक्टर मंडळींची उणीव आहे.

उलट बाजूही तितकीच धोक्याची. चार-पाच वेळा पाण्यासारखे जुलाब होऊ लागले, तरी ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ म्हणून देत राहिलं, तर शरीरातलं पाणी आटतं, पोटॅशियम घसरतं, सोडियमचं गणित बिघडतं आणि त्यामुळेच मेंदूवरची गुंगी वाढते. अशा वेळी मात्रा कमी करायची, मनाने पूर्ण बंद करायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सोबत दुसरं जुलाबाचं औषधही देऊ नका. दिलं तर शौच त्या औषधाने झाली की लॅक्टुलोजने, हेच कळत नाही. अ‍ॅसिडिटीची काही औषधंही लॅक्टुलोजचा परिणाम कमी करू शकतात, तेव्हा तीही विचारूनच द्या.

एक छोटी वही ठेवा. तारीख, प्रत्येक वेळी किती औषध दिलं, शौच किती वेळा आणि कशी झाली, रात्री झोप लागली का. शेवटचा प्रश्न उगाच नाही. पहिली खूण बहुधा झोपेतच दिसते: रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा असतो. मग हिशेब चुकतो, नेहमीच्या माणसाचं नाव आठवत नाही, चिडचिड होते. रोज सही करायला सांगा. सही वेडीवाकडी होऊ लागली की बिघाड सुरू झाला असं समजा. दोन्ही हात पुढे ताणून, पंजे मागे वळवून धरायला सांगा. पंजे थोड्या थोड्या वेळाने खाली पडून परत उचलत असतील, तर डॉक्टरांना फोन करायला उद्याची वाट पाहू नका.

नियमित औषध देऊनही असं झालं, तर कारण दुसरंच असू शकतं: कुठेतरी जंतुसंसर्ग, आतड्यात रक्तस्राव, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जास्त होणं, किंवा झोपेची गोळी. झोप येत नाही म्हणून अशा रुग्णाला घरातली झोपेची गोळी देणं फार महागात पडतं, ती देऊ नका. आणि भीतीपोटी रुग्णाचं प्रथिनांचं जेवण तोडू नका. ती जुनी समजूत आहे. प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात, आणि अमोनिया जिरवण्यात स्नायूंचाही वाटा असतो.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली असेल, तर लॅक्टुलोज चालू असल्याचं आधी सांगा. त्याने आतड्यात हायड्रोजन वायू साठू शकतो, आणि तपासणीत विजेच्या उपकरणाने काही जाळायचं झालं तर ठिणगीचा धोका असतो. डॉक्टर आतडं त्या हिशेबाने नीट साफ करून घेतात.

रुग्ण गुंगीत असेल, हाक मारल्यावर नीट उत्तर देत नसेल, तर त्याच्या तोंडात औषध ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला एका कुशीवर झोपवा आणि रुग्णालयात न्या. तिथे तेच लॅक्टुलोज नाकातल्या नळीतून किंवा पाण्यात मिसळून एनिमाने देता येतं. निघताना ती वही आणि चालू असलेली सगळी औषधं बरोबर घ्या, आणि शेवटचा डोस कधी दिला होता, शेवटची शौच कधी झाली होती, या दोन गोष्टी दारातच सांगा.