ओकलंडचा शेवटचा हंगाम

[दृश्य: कोलिझियमचं पार्किंग, हिरव्या टी-शर्टांची गर्दी]

२८ मार्च २०२४. कॅलिफोर्नियातलं ओकलंड. बेसबॉलच्या नव्या हंगामाचा पहिला दिवस. कोलिझियम स्टेडियमच्या आत साडेतेरा हजार प्रेक्षक, आणि ओकलंड अ‍ॅथलेटिक्स संघाचे सगळ्यात कट्टर चाहते मात्र बाहेर, पार्किंगमध्ये. तिकीट काढायचं नाही, असं ठरवून आलेले. अंगातल्या टी-शर्टवर एकच शब्द, 'सेल'. म्हणजे संघ विकून टाक. हे मालक जॉन फिशर यांना.

त्या दिवशी ओकलंड अ‍ॅथलेटिक्स क्लीव्हलंडकडून ०-८ अशी हरली. बाहेरच्यांना त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. सामना हरणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. इथे संघच गाव सोडून चालला होता.

१९६८ साली हा संघ कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला. १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकला, १९८९ मध्ये आणखी एकदा. मग नव्या स्टेडियमची रड सुरू झाली आणि ती संपलीच नाही. मी फ्रीमाँटला राहतो. २००६ मध्ये संघ आमच्याच गावात यायचा घाटत होता. गावकऱ्यांनी विरोध केला, बेत बारगळला. (आला असता तर ट्रॅफिकच्या नावाने सगळ्यात आधी मीच बोटं मोडली असती, हेही खरं.) शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये लीगमधल्या तीसही संघांच्या मालकांनी लास वेगासला जायला एकमताने होकार दिला. तिथलं स्टेडियम होईपर्यंत मुक्काम सॅक्रामेंटोत.

[दृश्य: रिकामे स्टँड, उजवीकडे ढोल वाजवणारे मोजके चाहते]

कोलिझियम देखणं कधीच नव्हतं. उघडं काँक्रीट, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकन फुटबॉलसाठी उभारलेली, मागचे डोंगर झाकून टाकणारी ती अवाढव्य भिंत. गटारं तुंबायची. समालोचकांच्या खोलीत तर पॉसम नावाच्या एका प्राण्याने बिऱ्हाड थाटलं होतं. पण या मैदानाचा एक गुण होता. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला बॅटची कड लागून मागे गेलेला चेंडू म्हणजे चार धावा वाटतात. बेसबॉलमध्ये तो फाउल. बाकीच्या मैदानांत असा चेंडू दोन-चार पावलांत प्रेक्षकांत जाऊन पडतो आणि बॅटर वाचतो. इथे रेषेबाहेर एवढी ऐसपैस जागा, की फिल्डर मान वर करून पळत सुटायचा, पळतच राहायचा आणि शेवटी झेल घ्यायचा. दुसरीकडे सहज वाचलेला बॅटर इथे मुकाट्याने परत फिरायचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, खूश. मला तर होम रनपेक्षा (आपला षटकारच म्हणा) हे झेल बघायला जास्त आवडायचं.

आता मला सगळ्यात जास्त सलतं ते सांगतो. २०२३ मध्ये हा संघ ११२ सामने हरला होता. असा संघ गेला असता, तर मनाची समजूत घालता आली असती. पण २०२४ मध्ये पोरं खेळायला लागली! ब्रेंट रूकरने ३९ होम रन मारले. मेसन मिलर शेवटच्या इनिंगला यायचा आणि ताशी १६० किलोमीटरच्या वर चेंडू फेकायचा. लॉरेन्स बटलर तर मे महिन्यात खालच्या लीगमध्ये पाठवला गेलेला. तो परतला, आणि १४ जुलैला फिलाडेल्फियात एकाच सामन्यात तीन होम रन. आपण १८-३ ने जिंकलो. हंगामाच्या उत्तरार्धात संघ जितके हरला, जवळजवळ तितकेच जिंकला. एकूण विजय ६९. आदल्या वर्षीपेक्षा १९ जास्त. घर मोडायला काढलं, तेव्हा कुठे त्यात जीव आला होता.

[दृश्य: २६ सप्टेंबर २०२४, खच्चून भरलेलं कोलिझियम]

कोलिझियमवरचा शेवटचा सामना. प्रेक्षक ४६,८८९. वर्षभर लीगमधली सगळ्यात कमी गर्दी इथे, आणि आज मुंगीला शिरायला जागा नाही. जुना पिचर बॅरी झिटो राष्ट्रगीत गातो. मानाचे पहिले चेंडू टाकायला संघाचे जुने खेळाडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट, दोघंही याच ओकलंडमध्ये लहानाचे मोठे झालेले. रिकीने कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले, म्हणजे फटका बसलेला नसतानाच पळून पुढचा बेस गाठला. तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. पुढे तीनच महिन्यांत, डिसेंबरमध्ये, रिकी गेला.

समोर टेक्सास रेंजर्स, आदल्या वर्षीचे जगज्जेते. अ‍ॅथलेटिक्स ३-२ ने पुढे. नवव्या इनिंगला मिलर येतो आणि सामना मिटवतो. लोक मात्र जागचे हलत नाहीत. मॅनेजर मार्क कॉटसे माईक हातात घेतात, आभार मानतात आणि 'लेट्स गो ओकलंड'ची शेवटची आरोळी स्वतःच सुरू करून देतात. मालकांनी काय केलं? एक पत्र पाठवलं.

२०२५ पासून हा संघ सॅक्रामेंटोत खेळतो. नावापुढे शहर नाही, नुसतंच 'अ‍ॅथलेटिक्स'. फ्रीमाँटहून गाडीने जाता येतं, मी जात नाही. वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कवर २०२४ मध्येच 'ओकलंड बॉलर्स' नावाचा छोटा संघ सुरू झालाय. मोठ्या लीगची सर त्याला नाही, फास्टबॉलचा वेग बघूनच ते कळतं. पण तिथे चाहत्यांनाही मालकीत थोडा हिस्सा विकत घेता आला. संघ हलवायचा झालाच, तर निदान आधी आम्हाला विचारावं लागेल.