पंख नंतर बघा, आधी पाय मोजा

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'कुंचलपाद फुलपाखरांचं वैविध्य, उत्क्रांती आणि वर्गीकरण' असा भारदस्त छापलाय. तिन्हींकडे येतो. पण आधी शाळेतली एक गोष्ट सांगू द्या, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर रुईचं झुडूप होतं. शनिवारी मारुतीला माळ घालायची म्हणून माय मला पानं आणायला पिटाळायची. पानं तोडताना पांढरा चीक बोटांना चिकटायचा आणि पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडायची. ती प्लेन टायगरची. नारिंगी पंख, टोकाला काळा रंग, त्यात पांढरे ठिपके. हे फुलपाखरू पाहिलं नाही असा माणूस या सभागृहात नसणार. सहावीच्या परीक्षेत 'कीटकाचे चित्र काढा' असा प्रश्न आला, मी तेच काढलं. रुईच्या फुलावर, चार पायांवर उभं. गुरुजींनी लाल फुली मारली. "कीटकाला पाय किती?" "सहा." "मग हे काय?" मी म्हणालो, "गुरुजी, पण ते चारच पायांवर उभं राहतं." दोन छड्या बसल्या. हसा, मलाही आज हसू येतं. पण एक दुःख अजून आहे. ती रुई शाळेपासून शंभर पावलांवर होती. फुली मारण्याआधी कुणी तिथं जाऊन बघायला हवं होतं.

गुरुजी चुकीचे नव्हते. पाय सहाच असतात. पण प्लेन टायगरच्या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते, चालायला तिचा उपयोग नाही. नरांच्या या पायांवर दाट केस असतात, म्हणून कुंचल्यासारखे पाय, म्हणून कुंचलपाद. शास्त्रीय नाव निम्फॅलिडी. मादीचे हे पाय मात्र मोठ्या कामाचे. अंडी घालण्याआधी ती पानावर बसून त्यांनी टकटक करते आणि पानाची चव घेते. बाजारात आपल्या बाया भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तशी तिची पारख चालते. झाड चुकलं तर अळी उपाशी मरेल.

आता थोडं बाजूला जातो. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ब्लू मॉर्मन, म्हणजे आपलं नीलवंत, निवडलं. देखणं आहे, वाद नाही. पण ते दुसऱ्या कुळातलं, सहाही पायांवर उभं राहणारं. मराठवाड्याला विचारलं असतं तर मी प्लेन टायगरचं नाव दिलं असतं. पावसानं डोळे वटारले तरी रुई हिरवी राहते आणि रुईवर ही अळी दिसते. म्हणून धुरे पेटवताना, तणनाशक मारताना जरा थांबा. पडीक कोपऱ्यात रुई राहिली तर कुणाच्या कापसाचं काही बिघडत नाही.

पाय बघा असा माझा हट्ट का? पंख फसवतात. रुईचा चीक विषारी, ते विष अळी अंगात साठवते, म्हणून प्लेन टायगर पाखरांना कडू लागतं. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी घोळीच्या भाजीवर वाढते, तिच्यात असं विष नाही. पण तिची मादी हुबेहूब प्लेन टायगरचा रंग घेऊन फिरते. मागच्या पंखावर टायगरला तीन-चार काळे ठिपके, हिला बहुधा एकच. बाकी फरक शोधून दाखवा! नर मात्र काळाभोर, पंखांवर पांढरे चांद. हेन्री बेट्सनं १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून अशी नक्कल समजावून सांगितली. आपल्याला ती धुऱ्यावर उभं राहून बघता येते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा वर्गीकरण भरभर.

लिनीअसनं १७५८ साली सगळी फुलपाखरं 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत घातली. पुढच्या अभ्यासकांनी त्यांची कुळं पाडली आणि टायगर, सॅटिर, अक्रिया या गटांची वेगळी कुळं झाली. आता ती सगळी निम्फॅलिडी या एकाच कुळात धरतात. त्यात साधारण बारा उपकुळं, सहा हजारांच्या आसपास जाती. तुमच्या ओळखीची सांगतो: एरंडावर वाढणारं कॉमन कॅस्टर एका उपकुळातलं, चिंचेवर अळी असणारं ब्लॅक राजा दुसऱ्या, चिकण्यावरचं लेमन पॅन्सी तिसऱ्या. संध्याकाळी दिव्याशी येणारं तपकिरी ईव्हनिंग ब्राऊन सॅटिरांतलं. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली डोळे उमटतात, कोरड्या दिवसांत ते वाळलेलं पान होऊन बसतं.

उत्क्रांतीचं एकच सांगतो. २००९ साली निक्लास वॉलबर्ग आणि सहकाऱ्यांनी दहा जनुकं आणि शरीररचनेची २३५ लक्षणं पडताळून या कुळाचा वंशवृक्ष मांडला. सुरुवात सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी. डायनासोर संपले त्या संकटातून दहा-बारा शाखा तरल्या, बाकीचा विस्तार त्यानंतरचा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, ज्यात वेरूळ कोरलं, तो लाव्हा बहुतेक त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत होता. एकाच काळात इथं दगड थिजत होता आणि कुठंतरी ही मूठभर घराणी जीव वाचवत होती.

आणि एक अपवाद, वेळ संपलाय तरी सांगतो. लिबिथिइनी हे लांब सोंडवजा तोंडाचं उपकुळ. त्यातल्या नराचे पुढचे पाय खुरटे, पण मादी सहाही पायांवर चालते. त्या दिवशी मी तिचं चित्र काढलं असतं, तर पूर्ण गुण मिळाले असते.