क्षयरोग्याचं ताट

नमस्कार, श्रोतेहो.

घरात कुणाला टीबी निघाला की आपल्याकडे आधी काय होतं? त्याचं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढतात. मी आज त्या ताटाविषयीच बोलणार आहे. हा रोग उष्ट्याखरकट्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि गोळ्यांचा एकही दिवस चुकू देऊ नका. ताटाला भिऊ नका. त्यात काय वाढलं जातंय, ते बघा.

टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो, तेव्हा तिथल्या राखणदार पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू चिवट. गिळला तरी मरत नाही, त्या पेशीच्या पोटात तसाच तग धरतो. मग शरीर दुसरा उपाय करतं. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, राखणदारांना जोर देतात आणि सगळ्या मिळून जंतूभोवती कडं करतात. एक बारीक गाठ तयार होते आणि जंतू आत कोंडला जातो. लागण झालेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक माणसांना हा रोग जन्मात होत नाही, तो या कड्यामुळे. पण कडं एकदा घातलं की काम संपलं, असं नसतं. तिथे रोज नव्या पेशी लागतात, आणि पेशी घडतात त्या खाल्लेल्या अन्नातून. महिनोन्‌महिने पोट अर्धं राहिलं की टी पेशी कमी पडतात, कडं सैल होतं आणि कोंडलेला जंतू बाहेर पडतो.

मग अन्नाकडे इतकं दुर्लक्ष कसं झालं? मद्रासमध्ये १९५० च्या दशकात एक मोठा अभ्यास झाला. गरीब वस्तीतल्या रुग्णांना घरीच गोळ्या दिल्या, आणि ते सॅनेटोरियममधल्या, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयातल्या, रुग्णांइतकेच बरे झाले, तेही साध्या, अपुऱ्या जेवणावर. हा शोध मोलाचाच. त्यामुळे लाखो लोकांना घर न सोडता उपचार मिळाले. पण त्यातून आम्ही डॉक्टरमंडळींनी नको तो अर्थही काढला, की गोळी असली म्हणजे झालं.

झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या अभ्यासाने हा समज खोडून काढला. तिथल्या टीबीच्या रुग्णांत पाचांतले चार जण कुपोषित होते. सगळ्या रुग्णांना दरमहा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो! शिवाय निम्म्या भागांत घरातल्या बाकीच्या माणसांनाही शिधा दिला. जिथे दिला, तिथे घरच्यांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाचा, दुसऱ्याला लागणारा टीबी तर ४८ टक्क्यांनी. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी मला माझ्याच जुन्या केसपेपरांची आठवण झाली. कितीतरी पेपरांवर वजनाची जागा कोरी होती.

त्यातलंच एक घर सांगते. एक बाई नवऱ्याच्या गोळ्या न्यायला यायची. अंडं त्याला, दूध मुलांना, स्वतः सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं. एकदा मी तिला म्हटलं, "ताई, तुम्हीही काट्यावर उभ्या राहा बरं." तिने चपला काढल्या, पदर सावरला. काटा चौतीसवर थांबला. तिच्या घरात जंतू होता, पण तिचं वजन आजवर कुणी केलंच नव्हतं. मीही नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पाच माणसांच्या आमटीत मूठभर डाळ पडते आणि मग वाटीत डाळ शोधावी लागते. तसं करू नका. रुग्णाला डाळ घट्ट वाढा. मूठभर शेंगदाणे किंवा एक अंडं म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं. हुलगे, मटकी, फुटाणे, ज्वारीची भाकरी आणि वर चमचाभर तेल हे सगळं चालतं, महागड्या पावडरीचा डबा आणायची गरज नाही. ताप असला की अन्नावरची वासना जाते, तेव्हा थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी द्या. निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते खात्यावर जमा झाले का हे आशाताईंना विचारा.

आणि गोळ्या आणायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना सोबत न्या. रुग्णाबरोबर त्यांनाही काट्यावर उभं करा. तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी जी जेवते, तिचं वजन आधी करा.