उपाशीपोटीचं सेरीन

(दृश्य: बर्फात रोवलेली नळी, पाण्यासारखा नितळ द्रव)

बाळाच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं हे पाणी, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं तेच. त्यात शोधायचंय सेरीन: प्रथिनांच्या घटकांपैकी, म्हणजे अमिनो आम्लांपैकी एक. एका जन्मजात आजारात ते कमी पडतं. जेमतेम अर्धा मिलिलिटर. ते असं नितळच असायला हवं. सुई आत जाताना एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली, तर पाण्यावर गुलाबी झाक येते आणि नमुना वाया जातो. रक्तातली अमिनो आम्लं या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यांचा अंश जरी मिसळला तरी कमी असलेलं सेरीन पुरेसं दिसू लागतं. म्हणून पहिले थेंब वेगळ्या नळीत घ्यायचे, उरलेली नळी लगेच बर्फात ठेवायची आणि तपासणी आज होणार नसेल तर उणे 70 अंशांच्या फ्रीझरमध्ये.

आता प्रयोगशाळा. नमुन्यात सल्फोसॅलिसिलिक आम्ल टाकलं की प्रथिनं साकळतात. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की ती तळाशी बसतात. वरचा द्रव यंत्राच्या स्तंभात जातो. आत रेझिनचे सूक्ष्म मणी आहेत. लिथियमचं द्रावण वाहत राहतं आणि एकेक अमिनो आम्ल आपापल्या वेळेला मण्यांपासून सुटतं. बाहेर पडताच त्याची गाठ निनहायड्रिन या रंग आणणाऱ्या रसायनाशी पडते, उष्णता मिळते आणि जांभळा रंग उमटतो. 570 नॅनोमीटरच्या प्रकाशात तो रंग मोजला जातो.

पडद्यावर बघा. आधी थ्रिओनीनचं शिखर. त्याला लागूनच सेरीनचं शिखर यायला हवं. इथे आहे फक्त एक उंचवटा. थोडं पुढे ग्लायसीन, तेही खुजं.

(दृश्य: पेशीचं ॲनिमेशन)

सेरीन आपल्या पेशी साखरेपासून बनवतात. ग्लुकोज फुटत असताना वाटेत 3-फॉस्फोग्लिसरेट तयार होतं. त्याचा बराचसा भाग ऊर्जेच्या कामी लागतो, थोडा इकडे वळतो. वळवणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फोग्लिसरेट डिहायड्रोजिनेज, आणि त्याचं जनुक पीएचजीडीएच, पहिल्या गुणसूत्रावरचं. हे एन्झाइम 533 अमिनो आम्लांच्या साखळीचं आहे. ते रेणूतला हायड्रोजन काढून एनएडी या मदतनीस रेणूच्या हवाली करतं. दुसरं एन्झाइम ग्लुटामेटकडून नायट्रोजन आणून जोडतं, तिसरं फॉस्फेट तोडतं, की झालं सेरीन. गंमत अशी, की पहिल्या पायरीचा स्वाभाविक कल उलट्या दिशेला आहे. तिसरी पायरी मात्र मागे फिरत नाही. ती माल ओढून घेत राहते म्हणून सगळी साखळी पुढे सरकते. या तीनपैकी कोणतंही जनुक बिघडलं तरी सेरीन कमी पडतं. सर्वाधिक रुग्ण पहिल्याचे.

सेरीन मग जातं कुठे? प्रथिनांत, हे तर आलंच. त्यापासून ग्लायसीन होतं आणि ते होताना सुटलेला एक कार्बन फोलेट हे जीवनसत्त्व उचलतं. तो पुढे डीएनएच्या बांधणीला लागतो. चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणातले स्फिंगोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थही सेरीनपासूनच सुरू होतात. शिवाय, रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर सेरीनला फारसा शिरकाव नसतो. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशी ते बनवतात आणि शेजारच्या चेतापेशींना पुरवतात. सेरीन कमी पडलं, की एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग असा विरळ दिसतो, तो यामुळे.

अशा बाळांत दिसतं ते हे: जन्मतःच लहान डोकं, पहिल्या वर्षातच फिट्स, खुंटलेली वाढ. 1996 मध्ये दोन भावांमध्ये या आजाराचं पहिलं वर्णन झालं.

(दृश्य: नमुन्याच्या नळीवर वेळ लिहिणारा हात)

रक्ताच्या नमुन्याच्या या लेबलवर तारखेखाली एक ओळ आहे: शेवटचं दूध किती वाजता. ती बहुतेक वेळा कोरीच राहते आणि निदान नेमकं तिथे निसटतं. दूध प्यायल्यावर त्यातल्या प्रथिनांचं सेरीन रक्तात येतं आणि अहवाल ‘सामान्य’ म्हणून परत जातो. तान्ह्या बाळाला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही. पुढच्या दुधाच्या अगदी आधी रक्त घ्यावं, एवढं पुरतं. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाच्या चाचणीवर इथे भिस्त ठेवता येत नाही. लहान डोकं आणि फिट्स एकत्र दिसल्या, की उपाशीपोटीचं रक्त आणि पाठीतलं पाणी एकाच दिवशी पाठवावं. फिट्सची औषधं बदलत बसण्याआधी.

शिक्कामोर्तब जनुक वाचून होतं. या आलेखात एका जागी डीएनएचं ‘जी’ अक्षर असायला हवं तिथे ‘ए’ आहे, आणि त्यामुळे एन्झाइमच्या साखळीत 490व्या स्थानी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन बसलंय. आई आणि वडील, दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत. त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के.

(दृश्य: काट्यावर पांढरी पूड)

औषध म्हणजे ही पूड, एल-सेरीन. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 500 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला पाच ग्रॅम, म्हणजे सहा वेळा विभागली तर एका वेळी 830 मिलिग्रॅमच्या आसपास, पाण्यात विरघळवून. मात्रा एवढी मोठी का? मेंदूत शिरणारा वाटा लहान म्हणून. विभागून का? रक्तातली पातळी झपाट्यानं उतरते म्हणून. रात्रीची मात्रा चुकवायची नाही ती याचसाठी. फिट्स थांबल्या नाहीत तर जोडीला ग्लायसीन, दर किलोला 200 मिलिग्रॅम. पूड ‘एल’ प्रकारचीच आहे ना, ते डब्यावर तपासून घ्यावं; ‘डी’ प्रकारानं उंदरांच्या मूत्रपिंडांना इजा होते, हे माहीत आहे.

फिट्स बऱ्याचदा आटोक्यात येतात. औषध उशिरा सुरू केलं तर खुंटलेली वाढ मात्र भरून निघत नाही.

(दृश्य: सोनोग्राफी, डोक्याच्या घेराचा आलेख)

2004 मध्ये नोंदवलेल्या या गर्भाच्या डोक्याची वाढ 20व्या आठवड्यानंतर मंदावू लागली होती. आईला सेरीन सुरू केलं आणि रेघ पुन्हा वर चढली. जन्मानंतरही उपचार चालू राहिले. चौथ्या वर्षी मुलीची वाढ सर्वसामान्य होती. गर्भातच निदान झालं, कारण घरातल्या आधीच्या बाळाचं निदान झालेलं होतं. म्हणून फाइलमध्ये नुसतं ‘सेरीन कमी’ लिहून भागत नाही. कोणत्या जनुकात, कोणत्या जागी, कोणतं अक्षर बदललंय, हे आई-वडिलांच्या अहवालांसह नोंदवून ठेवायचं.