भोरडीचं घर

(दृश्य : मंगळवेढ्याचं ज्वारीचं रान, पहाट. माळ्यावर राखणदार.)

जानेवारी महिना. ज्वारी हुरड्यात आली आहे. माळ्यावरच्या माणसाच्या हातात गोफण आहे आणि नजर आभाळात. आधी कलकलाट ऐकू येतो, मग थवा दिसतो. हजारो पाखरं एकदम वळतात, गोळा होतात, चादरीसारखी पसरतात. गोफण सुटते. थवा उठतो आणि पलीकडच्या रानात उतरतो.

ही भोरडी. पळस, सावर फुलली की मधासाठी त्या झाडांवर गर्दी करते, म्हणून पळसमैना. अंग गुलाबी, डोकं, पंख, शेपूट काळी, डोक्यावर विस्कटलेला तुरा. कणसातले दाणे खाते म्हणून आपल्याकडे तिची ओळख चोर अशीच. एप्रिल सरता सरता ती निघून जाते.

ती कुठे जाते, ते बघायला आम्ही निघालो.

(दृश्य : बर्फाचे डोंगर, खाली हिरवं कुरण, मेंढ्यांचे कळप.)

चीनच्या वायव्य टोकाला शिनजियांग. तिएन शान पर्वताच्या कुशीत इलीचं खोरं, आणि त्यात काश नदीच्या काठचा निल्का तालुका. इथले कझाक पशुपालक मेंढ्या, गुरं, घोडे घेऊन उन्हाळ्यात वरच्या कुरणात चढतात. इथे शेत नाही, कुंपण नाही. गवत हेच पीक, आणि ते थेट जनावराच्या तोंडात जातं.

(दृश्य : गवताच्या पात्यावर टोळ, अगदी जवळून.)

त्या गवताला दुसरंही एक तोंड आहे. हा इटालियन टोळ. नाव इटलीचं, पण मध्य आशियाच्या कुरणांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. आपण एकट्यादुकट्याला नाकतोडा म्हणून सोडून देतो. इथे तो जमावाने येतो. उन्हाळ्याच्या शेवटी मादी जमिनीत अंडी घालते. वर बर्फ साचतं, वितळतं, आणि मे महिन्यात माती उकलून पिल्लं बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ती उड्या मारत चालतात आणि चालता चालता खातात. पंख फुटेपर्यंत काही आठवडे मिळतात. टोळ आवरायचा तो याच दिवसांत.

आणि नेमकी याच दिवसांत भोरडी इथे पोहोचते.

(दृश्य : कुरणात रचलेले दगडांचे ढीग. ढिगावर भोरड्यांची झुंबड.)

हे ढीग नीट पाहा. ते डोंगरावरून घसरलेले नाहीत, माणसांनी रचले आहेत. भोरडी झाडावर घरटं बांधत नाही. तिला दगडांच्या कपारी लागतात, आणि एकटीदुकटी ती राहत नाही. शेकडो जोड्या एका जागी संसार मांडतात. मोकळ्या कुरणात टोळ भरपूर, पण कपारी कुठून येणार? खायला होतं आणि राहायला नव्हतं. टोळ आवरण्याचं काम करणाऱ्या इथल्या लोकांनी १९८०च्या दशकात ही अडचण ओळखली आणि दगड आणून टाकायला सुरुवात केली. दगड बारीक असून चालत नाहीत. आतवर पोकळी राहायला हवी, म्हणजे कोल्ह्याचं तोंड अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. पुढे विटांच्या भिंती आल्या, ओळीने भोकं ठेवलेल्या. मला मात्र दगडांचे ढीगच जास्त आवडले. त्यांत बांधणाऱ्याचा हात दिसत नाही.

(दृश्य : कपारीतून बाहेर आलेल्या पिवळ्या चोची. पालक पक्षी चोचीत तीन-चार टोळ धरून येतो.)

इथे निवेदन थोडं थांबवू या.

(फक्त मूळ आवाज.)

एक भोरडी दिवसाला १२० ते १८० टोळ खाते, असा इथल्या जाणकारांचा हिशेब आहे. पिल्लांना भरवायचे ते वेगळेच. सकाळ ते संध्याकाळ ही ये-जा थांबत नाही. नर आणि मादी दोघंही भरवतात. थवा कुरणात उतरतो तोही रांग धरून: मागचे पक्षी पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे बसतात, मग त्यांच्या मागचे त्यांच्या पुढे. वरून पाहिलं तर गुलाबी लाट गवतावरून सरकताना दिसते. मंगळवेढ्याच्या रानात थवा असाच पुढे सरकताना मी पाहिलाय. तिथे गोफण होती, इथे घरं आहेत.

(दृश्य : कोंबड्यांचा कळप गवतात. शिट्टीचा आवाज.)

काही ठिकाणी कोंबड्या आणि बदकंही सोडतात. शिट्टी वाजली की परत यायचं, असं त्यांना शिकवलेलं असतं.

(दृश्य : महामार्ग, जाणारे ट्रक.)

हा रस्ता बांधला जात होता तेव्हा, २०१८च्या उन्हाळ्यात, त्यासाठी आणून टाकलेल्या दगडांत भोरड्यांनी घरटी केली. पक्षीप्रेमींनी आवाज उठवला. पिल्लं उडेपर्यंत काम थांबलं.

टोळ फारच वाढले तर पक्षी पुरे पडत नाहीत. मग टोळांना रोग आणणारे सूक्ष्मजीव वापरावे लागतात, औषधही फवारावं लागतं. पण घरट्यांच्या आसपास फवारा गेला, तर पिल्लांच्या तोंडचा घास जातो.

(दृश्य : जुलै. रिकामा दगडांचा ढीग, कपारीत अडकलेलं एक पीस.)

जुलैत एका सकाळी ढीग रिकामे होतात. राखाडी-तपकिरी पिल्लांना गुलाबी रंग यायचा आहे, तरी ती मोठ्यांसोबत निघतात. ऑगस्टपासून आपल्याकडे थवे दिसू लागतात, आणि त्यांत ही पिल्लंही असतात.

(दृश्य : दगड उतरवणारा ट्रॅक्टर. दोन माणसं हातांनी दगड सारखे करताहेत.)

कुरणात आता पुढच्या वर्षाचे दगड येऊन पडताहेत. बर्फ पडायच्या आत ते रचून व्हायला हवेत.