पोटगीचा हुकूम हातात, पैसे मात्र नाहीत

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात दरमहा अमुक इतकी पोटगी असं लिहिलेलं असतं. पहिले तीन-चार महिने पैसे येतात, मग निम्मे येतात, मग सणापुरते येतात आणि मग बंद होतात. अशा वेळी बहुतेक जणी फोन करत राहतात, मधे नातेवाईक घालतात, ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ यावर विश्वास ठेवतात. त्यात वर्ष निघून जातं, आणि हे वर्ष फार महागात पडतं. कसं, ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हुकूम दिल्यावर न्यायालय स्वतःहून वसुलीला निघत नाही. थकबाकी किती आणि माजी नवऱ्याचा पैसा कुठे आहे, या दोन्ही गोष्टी तुम्ही न्यायालयापुढे मांडायच्या असतात. जोर न्यायालयाचा, पण माहिती तुमची.

सुरुवात हुकमाच्या नकलेपासून करा. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात नकलेचा अर्ज देऊन प्रमाणित प्रत काढा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. प्रत हातात आली की हुकूम कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) असेल तर वसुली फौजदारी पद्धतीने होते. घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर या कलमापुरती ती ‘पत्नी’च धरली जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालची कायमची पोटगी असेल तर त्याच कायद्याच्या कलम २८-अ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी दरखास्त, म्हणजे हुकूम अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करायची. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातला हुकूम असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली, पैसे थेट तुम्हाला द्या किंवा न्यायालयात भरा, असा आदेश त्याच्या मालकाला म्हणजे कंपनीला देता येतो. अनेकींकडे यातले दोन हुकूम असतात आणि त्यांना एकच माहीत असतो.

कलम १४४ च्या वसुलीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी वसुली वॉरंट निघतं, म्हणजे दंड वसूल करतात त्या पद्धतीने जंगम मालमत्तेची जप्ती, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. त्यानंतरही रक्कम बाकी राहिली तर प्रत्येक थकीत महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पैसे भरले की सुटका. पहिल्याच अर्जात अटक मागितली आणि वसुली वॉरंटाचा टप्पा गाळला, तर समोरचे वकील नेमकी तीच चूक पकडतात आणि चार-सहा तारखा वाया जातात. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘मी आत जाऊन येतो, मग मोकळा’ ही समजूत खोटी आहे. ती त्याला कुणीतरी सांगितलेली असते, आणि तो तुम्हालाही पटवून द्यायला बघतो.

आता त्या वर्षाबद्दल. या कलमाखाली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. समजा, दर महिन्याच्या ५ तारखेला १२,००० रुपये द्यायचा हुकूम आहे आणि जानेवारी २०२४ पासून पैसे बंद झाले. अर्ज २ मे २०२५ ला दाखल केला. तोवर १६ महिन्यांचे १,९२,००० रुपये थकले. पण मे २०२४ ते एप्रिल २०२५ या बारा महिन्यांचे १,४४,००० रुपयेच या वॉरंटाच्या टप्प्यात येतात. आधीच्या चार महिन्यांचे ४८,००० रुपये निव्वळ वाट पाहिल्यामुळे या रस्त्याबाहेर गेले. म्हणून दोन-तीन महिने थकले की अर्ज करा. अर्ज एकदा वेळेत दाखल झाला की नंतरच्या थकबाकीसाठी दर वेळी नवा अर्ज लागत नाही. त्याच अर्जात ती मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी प्रत्येक तारखेला आजवरच्या बाकीची पुरशिस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) द्यायची सवय ठेवा.

दिवाणी दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे आणि प्रत्येक हप्त्याची मुदत तो चुकला त्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून कलम २५ चा हुकूम असलेल्यांनी जुनी बाकी सोडून देऊ नये. शिवाय २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पोटगीचे हुकूम दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखे, दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या जप्ती-अटकेच्या तरतुदी वापरून बजावता येतात. कलम १२५ च्या हुकमातली वर्षाच्या आधीची बाकी मागताना वकिलांना हा निकाल मांडायला जरूर सांगा.

पगारावरची जप्ती हे नोकरदाराविरुद्धचं सर्वांत खात्रीचं हत्यार. इथे कायद्याने पोटगीला इतर कर्जांपेक्षा वरचं स्थान दिलेलं आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पोटगीत मात्र फक्त एक तृतीयांश सुरक्षित. जप्तीसाठी धरला जाणारा पगार ६०,००० असेल तर सावकाराला महिन्याला जेमतेम १९,६६७ पर्यंत पोचता येतं, तुम्हाला ४०,००० पर्यंत. जप्तीचा आदेश कंपनीत पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यावर बजावला जातो. त्यानंतरही कंपनीने कपात न करता पगार दिला तर त्या रकमेला ती स्वतः जबाबदार ठरते. अडचण येते ती नोकरी बदलण्याची. आज हिंजवडी, सहा महिन्यांनी खराडी, मग घरून काम. जुन्या कंपनीवरचा आदेश नव्या कंपनीला लागू होत नाही, नव्याने बजावावा लागतो. म्हणून दरखास्तीतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली मालमत्तेचं शपथपत्र मागा. ते द्यायचं त्याने टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. भविष्य निर्वाह निधीवर मात्र सहसा जप्ती बसत नाही. त्यात वेळ घालवू नका.

दिवाणी पद्धतीने अटक मागायची तर त्याची ऐपत आहे आणि तरी तो देत नाही, किंवा मालमत्ता लपवतो, हे दाखवावं लागतं. आणि ऐकून धक्का बसतो, पण दिवाणी तुरुंगात त्याच्या जेवणखाण्याचा भत्ता दरखास्तदाराने भरायचा असतो. म्हणून बहुतेक वेळा मी आधी पगार आणि मालमत्ता, मग अटक, असाच क्रम सुचवते.

मालमत्ता शोधायचं काम पुष्कळसं घरबसल्या होतं. गावाकडे जमीन असेल तर सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. पुण्यातल्या फ्लॅटसाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा. त्यात खरेदीदाराचं नाव, दस्ताची तारीख आणि मिळकतीचं वर्णन मिळतं. न्यायालयाची जप्ती बसल्यावर त्याने ती मिळकत परस्पर कुणाला विकली किंवा भावाच्या नावे केली, तर तो व्यवहार तुमच्या हक्कापुढे टिकत नाही. हुकूम अजून व्हायचा असेल त्यांच्यासाठी याहून चांगला उपाय आहे. कलम २५ मध्ये पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवण्याची सोय आहे, पण मागितल्याशिवाय तो कुणी ठेवत नाही. हुकूम झाल्यावर सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मिळकत पत्रिकेवर त्याची नोंदही करून घ्या.

वॉरंट निघालं तरी बजावणी होत नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार. बेलिफाचा, म्हणजे वॉरंट बजावणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल येतो: ‘दिलेल्या पत्त्यावर घर बंद आढळले, शेजाऱ्यांकडे विचारणा केली असता माहिती नाही.’ त्या ओळीवर तारीख पुढे जाते. पत्ता ‘वाकड, पुणे’ इतकाच लिहिला तर हेच होणार. सोसायटीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण, तो घरी असतो ती वेळ, गाडीचा नंबर आणि त्याचा फोटो, हे सगळं अर्जासोबत द्या. शक्य असेल तर बेलिफाबरोबर जा. पोलिसांमार्फत वॉरंट असेल तर ठाणं नीट पाहा. हिंजवडी-वाकड हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, पुणे शहर आयुक्तालयात नाही. पाकीट चुकीच्या ठाण्यात गेलं की महिना जातो. तो नाशिकला किंवा बेंगळुरूला राहायला गेला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ खाली तो राहतो तिथल्या न्यायालयातही हुकमाची प्रत दाखवून वसुली मागता येते.

त्याच्याकडून ठरावीक उत्तरं येतात. नोकरी गेली, हे वसुलीच्या अर्जात उत्तर नव्हे. परिस्थिती बदलली असेल तर त्याने रक्कम कमी करण्याचा वेगळा अर्ज करायचा. तो मंजूर होईपर्यंत जुना आकडा चालू राहतो. अपील केलंय, असं म्हणाला तर स्थगितीचा आदेश मागा. नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. ‘मुलाची फी मी भरली, ती वजा करा’ हे मात्र काळजीपूर्वक हाताळा. त्यासाठीच तक्ता लागतो: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बाकी. सोबत बँकेचं विवरणपत्र. पैसे हाताने घेऊच नका. त्याने ५,००० पाठवले तर ‘मार्च महिन्याच्या पोटगीपैकी मिळाले, बाकी ७,०००’ असा मेसेज त्याच दिवशी पाठवा.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकरकमी पोटगीचे पुढच्या तारखांचे चेक घेतले असतील तर चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. तो परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तुम्हाला तक्रारीसाठी एक महिना. ‘परत भरून बघ, या वेळी होईल’ या सांगण्यावर या मुदती सोडू नका. खरं तर सगळी रक्कम अंतिम हुकमाआधी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने घ्यावी, एवढं आग्रहाने सांगते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि १५१०० हा फोन नंबर आहे. जाताना हुकमाची प्रमाणित प्रत, थकबाकीचा तक्ता, गेल्या दोन वर्षांचं बँक विवरणपत्र, आधार कार्ड आणि त्याच्या घराचा व नोकरीचा पूर्ण पत्ता घेऊन जा. एवढे कागद असले तर वसुलीचा अर्ज त्याच आठवड्यात दाखल होऊ शकतो.